तुमच्या प्रदेशात

तांबळडेगच्या वाळूवर तीन वर्षांपूर्वी
परदेशी माणसं उतरली, कॅमेरे नि पांढऱ्या छत्र्या घेऊन.
जयवंती तारीची होडी त्यांना आवडली,
रंग उडालेली म्हणून.
तिने त्याच आठवड्यात रंगाचे डबे आणून ठेवले होते.
नको म्हणाले, असू दे अशीच.

मग जयवंतीही आवडली.
आधी थोडं वल्हवायचं, मग डोक्यावर हारा घेऊन
पाण्यातून वर चालत यायचं, बस.
सतरा वेळा चालली.
हाऱ्यातले बांगडे दुपारपर्यंत उतरले,
माश्या घोंगावू लागल्या,
तरी त्यांना तेच बांगडे हवे होते.
दोन हजार रुपये आणि एक टोपी.
टोपी अजून आहे, कोंबड्यांच्या खुराड्यावर.

आज ती माझ्या दुकानात,
रिचार्जच्या फळीला टेकून.
भाचा हेमू जहाजावर असतो,
रॉटरडॅमच्या धक्क्यावरून त्याचा निरोप:
आत्ये, तू दिसतंस. दुसऱ्या भागात. बरी दिसतंस.

मी नाव टाकलं. चित्र आलं,
तिचीच होडी, मागे कुणकेश्वराकडचा डोंगर.
बोट टेकवलं.
क्षमस्व. हा कार्यक्रम तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही.

वाचून दाखवलं.
खंयचो प्रदेश, रे?
आपलो.
जो चित्रात आसा, तो?
तोच.

मला या वाक्याची सवय आहे.
एका खेळात मी दीड वर्ष गड बांधत होतो,
दुकानाचं शटर ओढल्यावर, रोज चार दगड.
जोडीला एक पोरगा पेरूतला, एक तुर्कस्तानातला.
भाषा कुणाची कुणाला येत नव्हती,
दगड कळायचे.
एका सोमवारी खेळाने कळवलं,
तुमच्या प्रदेशातली सेवा संपली.
गड असेलच तिथे.
ते दोघं माझ्या बुरुजावर उभे राहून
वाट बघत असतील, किंवा नसतीलही.

बंदरावरचे म्हातारे सांगतात,
फिरंग्यांच्या काळात गलबताला परवाना लागायचा
आपल्याच पाण्यात फिरायला.
पण तो निदान कागदाचा होता.
भिजायचा, फाटायचा,
पैसे मोजले की नवा मिळायचा.
इथे कुणाचा हात ओला करू?

मग मी फोनला खोटं बोलायला शिकवलं.
सांग, आपण नॉर्वेत आहोत, बाहेर बर्फ पडतोय.
नेटवर्कची एकच काठी, तीही खिडकीशी.
चक्र फिरलं, फिरलं,
आणि पलीकडून सभ्य उत्तर आलं,
तुम्ही नॉर्वेत असल्याचं दिसत नाही.
जयवंती पदराने मान पुसत होती.
त्यावरूनच ओळखलं असणार.

शेवटी हेमूनेच कॉल लावला,
स्वतःचा पडदा इकडे पाठवला.
पडदा काळा.
चित्राला कुलूप होतं,
आवाज तेवढा फटीतून निसटला होता.
काळ्या चौकोनात गाज,
आणि रस्त्यापलीकडे, सुरूच्या मागे, गाज,
एकमेकींच्या किंचित मागेपुढे.

मी बंद करणार होतो.
थांब, आयक, ती म्हणाली.
ह्या माझा वल्हा. कुरकुरता मां?
त्या वर्सा त्येचा कातडा बदलूचा रवलेला.

मला काही ऐकू आलं नव्हतं.
पुन्हा लावायला सांगितलं. हेमूने लावलं.
या वेळी आलं, बारीक, दाराच्या बिजागरीसारखं,
मग पाण्यात पाय पडल्याचा आवाज,
मग कसलंसं परकं संगीत.

आता मी चलतंय, जयवंती म्हणाली,
डोळे मिटून, स्टुलावर बसून,
आणि तिचा उजवा हात
डोक्याकडे गेला,
हारा सावरायला.