मोनोचं बटण

स्पीकर फुकट आले.
समोरच्या बिल्डिंगमधले रणदिवे मुलीकडे गेले, कॅनडाला, कायमचे.
जाताना म्हणाले, घेऊन जा, भंगारवाला किलोवर मागतोय.
सागवानी नव्हे, पण लांबून सागवानी दिसणारी दोन खोकी,
मागच्या पट्टीवर पेनानं लिहिलेलं: आठ ओहम.
आठवडाभर ती आमच्या धनकवडीच्या हॉलमध्ये
मुलगी बघायला आलेल्यांसारखी गप्प उभी होती.
शालननं एकावर फोनचा चार्जर ठेवला,
दुसऱ्यावर कोथिंबीर निवडली.

बजेट साडेआठ हजार.
आकडा तिनं गॅसच्या पुस्तकामागे लिहिला.
मी दहा म्हणालो होतो, ती सात.
वरचे पाचशे बहुतेक माझ्या तोंडाकडे बघून.

तापकीर गल्लीत पहिला पोरगा म्हणाला,
काका, हा घ्या, हजार वॉट.
एवढ्याशा डब्यात हजार वॉट!
भोसरीला सव्वीस वर्षं प्रेसवर काढलीत मी.
उचलून बघितला, माझ्या टिफिनपेक्षा हलका.
आत ट्रान्सफॉर्मर असता तर मनगटाला कळलं असतं.
निळे दिवे मात्र भरपूर. मंडळात चालले असते.

दुसऱ्या दुकानात ब्लूटूथ, रिमोट, कराओके.
तिसऱ्यात एक जपानी, जुना, देखणा, चंदेरी तोंडाचा,
पण एकशे दहा व्होल्टवाला,
त्याला वेगळा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे अजून अडीच हजार.
चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला,
शालन म्हणाली. दुकानदारासमोरच.

सगळीकडे मी एकच विचारत होतो:
मोनोचं बटण आहे का?
पोरं एकमेकांकडे बघायची.
काका, हा स्टिरिओ आहे.
ते कळतंय रे.
मग मोनो कशाला?
मग मी डावा कान दाखवायचो,
शटर ओढलेलं दुकान दाखवावं तसा.

हातिमभाईंनी कशाला ते विचारलं नाही.
बोहरी आळीत, अरुंद जिन्यावर, डिंक आणि सोल्डरचा वास.
माळ्यावरून त्यांनी एक काळं धूड उतरवलं,
फडक्यानं पुसलं,
पंचवीस वॉट, म्हणाले, पण खरे.
आवाजाची खुंटी फिरवली की खरखरायची.
स्प्रे मारला, वीस वेळा फिरवली,
खरखर दमली.
आणि तिथं, बासच्या शेजारी,
शर्टाच्या गुंडीएवढं, मोनो.
नऊ सांगितले. शालन उठून जिन्यापर्यंत गेली.
आठ हजार दोनशे, वायर फुकट.
उजव्या वायरीला लाल चिकटपट्टी त्यांनी स्वतः लावून दिली,
घरी गोंधळ नको.

घरी आलो, बटण आत दाबलं.
सतार, तबला, तंबोरा, सगळे
एकाच दारातून आत आले, चपला काढून.
मी दोनदा ऐकलं. जेवण गार झालं.

परवा दूध घेऊन वर आलो
तर बटण बाहेर होतं.
ती खुर्ची ओढून बरोबर मधोमध बसलेली,
डोळे मिटलेले,
मान थोडी डावीकडे, मग उजवीकडे,
मोठ्या घराच्या खोल्या बघत फिरावं तशी.
आमचं घर पाचशे दहा स्क्वेअर फूट.

बटणाकडे हात गेला होता, परत घेतला.
तिच्या शेजारी फरशीवर बसलो,
चांगला कान उजव्या खोक्याकडे.
तबलजी हातोडीनं गठ्ठे ठोकत होता, स्वच्छ, अगदी जवळ.
डावीकडचंही येत होतं, पण
शेजारच्यांच्या भिंतीतून आल्यासारखं.
काय चाललंय तिकडं? मी विचारलं.
तिनं डोळे उघडले नाहीत.
काही नाही,
तंबोरा जुळवतायत अजून.
दूध फ्रिजमध्ये ठेवा.