पहिल्यांदा ऐकताना

तन्झील, तू विचारलंस सुरुवात कुठून करू,
तर आधी वरचा बंक घे.
एसी चालू राहू दे, त्याची घरघर या संगीताला लागतेच.
शिबू घोरायला लागेपर्यंत थांब.

त्या राखाडी कव्हरवाल्यापासून सुरू करू नकोस,
सगळे तोच सांगतात.
रोडेलनेही मला तोच दिला होता, नऊ वर्षांपूर्वी,
'सेफ्टी व्हिडिओ' नावाच्या फोल्डरमध्ये लपवून,
आणि दोन मिनिटांत मी हेडफोन काढून फेकला.
म्हटलं, कुणीतरी पत्र्यावर वाळू ओततंय
आणि पत्र्याखाली एक माणूस कोंडलाय.
आजही माझं मत तेच आहे.
फक्त आता मी थांबतो,
आणि वाळूच्या आतून सूर येतो,
उशिरा, शेजारच्या खोलीत भात शिजल्याचा वास येतो तसा.

तू 'नवव्या डोंगरापलीकडे' घे.
नाव मी मराठीत केलंय, मूळ मला उच्चारता येत नाही.
चारच गाणी, एकेक पाव तासाचं.
पहिलं बसमध्ये ऐक, पहाटे पावणेपाचला,
कॅम्प ते गेट सात.
बाहेर सबखा पसरलेली असते, मिठाने पांढरी,
आणि ते बिचारे बर्फाचं सांगत असतात.
आपण बर्फ पाहिला तो हर्णैच्या जेटीवर,
भुशात गुंडाळलेला, पापलेटांच्या उशाशी.
चालतं. पांढऱ्याला पांढरं ओळखतं.

शब्द शोधत बसू नकोस.
ते रागाने ओरडतात असं लोक म्हणतात,
मला तसं वाटत नाही.
खाडीपलीकडच्या तरीवाल्याला हाक मारतो ना आपण,
नाव अर्ध्यात पाण्यात पडतं,
पलीकडे नुसता 'ओ' पोचतो.
तसं.

'तीन हिवाळे' जुलैत ऐकू नकोस.
मी ऐकला.
शटडाऊनचा अकरावा दिवस, रात्रीचे दोन,
अंगाला चिकटलेला कव्हरॉल,
कानात हिमवादळ आणि पाठभर घामोळं.
रडू आलं रे.
घामात कुणाला कळलं नाही, एवढीच सोय.
ऐकू नकोस म्हणतोय म्हणजे तू ऐकणारच.

आणि हा शेवटचा, जपून देतोय.
एकच माणूस आहे, सगळं तोच वाजवतो,
गुरांच्या गोठ्यात रेकॉर्ड करतो.
मी त्याला मेल टाकला होता, मोडक्या इंग्रजीत,
की तुमचा अंधार आमच्याकडे पोचला.
सात महिन्यांनी उत्तर आलं, एकाच ओळीचं:
तुमच्याकडे अंधार कसा असतो?

आता काय सांगणार?
इथे अंधारच नसतो. फ्लेअर रात्रभर जळतो,
ढगांची पोटं नारिंगी करून ठेवतो.
प्लांटमध्ये फोन नेता येत नाही,
म्हणून कॅम्पच्या गच्चीवर गेलो, जानेवारीत, दाट धुक्यात.
फ्लेअर दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता,
मोठं जनावर झोपेत श्वास घेतं तसा.
चार मिनिटं रेकॉर्ड केलं. मध्ये शिंकलो.
तसंच पाठवलं.

त्यावर काही उत्तर नाही.

यंदा त्याचा नवा अल्बम आला.
आभारात माझं नाव नाही. कुणाचंच नाही म्हणा.
पण तिसऱ्या गाण्यात, अकराव्या मिनिटाला,
ड्रम थांबतात, गिटार ओसरते,
आणि तळाशी काहीतरी श्वास घेत राहतं.
मी साठेक वेळा ऐकलंय.
कधी वाटतं, आपला फ्लेअर.
कधी वाटतं, त्याच्या गोठ्यातली गाय.
शिंक कुठे सापडत नाही.

रोडेल असता तर त्याला विचारलं असतं,
त्याचा करार संपला, पोरीचं लग्न होतं.
तुझे कान अजून नवे आहेत,
कंप्रेसरने बिघडवलेले नाहीत.
ऐक, आणि मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस.
गाय असेल तर गाय म्हण.
शुक्रवारी माझी नाइट आहे.
गेट सातच्या टपरीवर कडक सांगून ठेवतो, दोन.