सातशे अडतीस

शाव्हिशच्या चौकात शून्याचा दगड.
त्याला हात लावून निघालो तेव्हा आम्ही नऊ.
फारूच्या चौकात सातशे अडतीसचा आहे म्हणतात.
अजून दिसलेला नाही.
आम्ही आठ.

मी सगळ्यात मागे.
पंक्चरची पेटी माझ्याकडे, म्हणून ही जागा माझी.
अकरा दिवस मी नुसत्या पाठी पाहिल्या.
अदेलीनूची पाठ म्हणजे घामाचा नकाशा,
सकाळी एखादं बेट, दुपारी अख्खा खंड.
ग्रासाचा डावा खांदा चढावर किंचित पडतो,
बत्तीस वर्षं टपालाची झोळी त्याच खांद्यावर.
दमलीस का विचारलं की "छे" म्हणायची.
खांदा वेगळंच सांगायचा.

दोरूच्या खोऱ्यात उतरताना
तोमे हँडल सोडून ओरडत सुटला,
एकसष्टाव्या वर्षी, शाळा सुटल्यासारखा.
त्याचा मुलगा दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी त्यानंही हँडल सोडलं.

मग अलेंतेझू.
रस्ता इतका सरळ
की एखादं वळण आलं तर पाहुणा आल्यासारखं वाटावं.
दोन्ही बाजूंना बुचाची झाडं,
कंबरेपासून खाली सोललेली, तांबडी, ओशाळलेली,
आणि खोडावर पांढऱ्या रंगात एकेक आकडा:
कुठल्या साली साल काढली, त्याची खूण.
पुन्हा काढायची ती नऊ वर्षांनी.
एर्मीनियू बुचाच्या कारखान्यातला.
एका झाडापाशी उतरला, आकड्यावरून अंगठा फिरवला,
बोटांवर काहीतरी मोजलं, मनातल्या मनात,
आणि बाटलीतलं सगळं पाणी एका दमात प्याला.
त्याच रात्री आल्मोदोव्हरला त्याचा गुडघा गेला.
सकाळी बसच्या पोटात सायकल आडवी घातली,
खिडकीतून हात केला नाही.

काल्देइरावच्या डोंगरात तीनशे पासष्ट वळणं,
असं खानावळवाली म्हणाली, सूप वाढताना.
मी काही मोजली नाहीत.
वर्षाचे दिवस तरी कोण मोजतं?

आणि चौक आला.
साधाच.
कडेला टायरचं दुकान, मधोमध गवत,
गवतात तो दगड, गुडघ्याएवढा,
कुणीतरी त्यावर स्टिकर चिकटवलेले.
समुद्राचा वास होता; समुद्र नव्हता.

अदेलीनू पुढे. थांबायचं त्यानं.
तो थांबला नाही, गवताला वळसा घातला.
त्याच्या मागे ग्रासा. तिच्या मागे बाकीचे.
दुसरी फेरी.
तिसरी.
ठरवलं कुणीच नव्हतं.
थांबणं सगळ्यांच्याच जिवावर आलेलं.

चौथ्या फेरीत माळेची दोन्ही टोकं जुळली
आणि बघते तर अदेलीनू माझ्या मागे!
खोकतोय, माझी पाठ बघतोय,
देव जाणे तिच्यावर काय काय लिहिलंय.
गवतापलीकडे ग्रासाचा चेहरा, एका बाजूने,
ओठांवर मीठ, नाकावर सोललेली कातडी,
हिला या सुरकुत्या कधी आल्या?
तिनंही मला पाहिलं, भुवया उंचावल्या:
अगं, तूही होतीस होय?

कचऱ्याच्या ट्रकनं भोंगा वाजवला.
चालकानं आमच्या आईला काहीबाही म्हटलं.
माझ्या पुढच्या चाकात हवा कमी होती,
परवापासून माहीत होतं.

दगडाशेजारी एर्मीनियू उभा,
एका हातात काठी, काठीला अंजिरांची पिशवी,
दुखऱ्या पायावर जागच्या जागी फिरत,
आमच्यातलं कुणी नजरेआड होऊ नये म्हणून.
मोकळ्या हाताच्या बोटांवर मोजत होता,
या वेळी मोठ्यानं.

"सात!" तो ओरडला.

मी ब्रेकवरची बोटं काढून घेतली.