मुरत ठेवलेली धामण

धामण म्हटलं की पोरं खाटेवर पाय घेतात.
ही सरपटणारी नव्हे, झाडाची.
बार्शीपुढच्या उतारावर कुणाच्यातरी बांधावर वाऱ्यानं पडलेली,
दस्तगीरभाईंनी टेम्पोत घालून आणली,
खाली ती, वर कांद्याची पोती,
माणसाहून हातभर लांब, ओली,
कापल्या तोंडाला अजून बांधाचा वास.

करवत लावू दिली नाही.
"करवत आपल्या मनानं जाते, अंबादास.
पाचर लाकडाला विचारून जाते."
मग बाभळीच्या पाचरी, वर लाकडी ठोकणा,
आणि ती फाटली
जुनं धोतर फाटावं तशी, धाग्याला धरून.
दोन फाळ्या. एक सरळ, देखणी.
दुसरीच्या पोटात गाठ, मिटल्या डोळ्याएवढी.

तोंडांना मेण लावलं, चार बोटं जाड.
"पाणी तोंडावाटे पळतं, आणि तिथूनच तडकतं,"
म्हणाले, आणि स्वतःच्या ओठांवरून जीभ फिरवली.

पण सोलापूरचा चैत्र कुणाला मुरू देत नाही.
पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेली सरळ फाळी
रात्री दोनला गेली.
सोळा माग धडधडत होते,
टॉवेलांचे पन्हे उतरत होते,
आणि त्यात तो एकच आवाज
मला वेगळा ऐकू आला.
सकाळी भाईंनी चिरेत नख घालून पाहिलं.
काही बोलले नाहीत. चहा गार झाला.

उरली गाठीची.
ती नेली खळीच्या खोलीत,
जिथं भर वैशाखातही भिंतीला घाम असतो,
सुताच्या गठ्ठ्यांमागे, दोन विटांवर आडवी.
दर अवसेला काट्यावर चढवायची,
आकडा भिंतीवर पेन्सिलीनं:

चार किलो सातशे.
चार तीनशे वीस.
गड्ड्याच्या महिन्यात चार पन्नास.
आषाढात उलटी वीस ग्रॅम वाढली.
"पाहुणा आलाय," भाई म्हणाले, "जाईल."

चाळीस वर्षं त्यांच्या खांद्याला कमान होती.
विजापूर वेशीपासून पार होटगीपर्यंत
तात वाजवत फिरले, गाद्या-रजया पिंजल्या.
ती कमान बाण सोडायची नाही,
कापूस उडवायची,
तो त्यांच्याच भुवयांवर येऊन बसायचा.
नातीला, तहसीनला, बोरूचे बाण
पाण्याच्या टाकीवर मारताना पाहिलं
आणि त्यांच्या मनानं घेतलं:
एक तरी कमान अशी करायची
जिच्यातून गेलेलं अंगावर परत येत नाही.
पोरगी तेव्हा अकराची.
खडूनं दारावर तिची उंची मांडली होती.

तिसऱ्या वर्षी ती पुण्याला गेली, खेळाच्या वसतिगृहात.
फोनवर फोटो आला:
काळी कमान, स्क्रू, दांड्या, एक छोटी भिंगासारखी चकती,
आणि दारावरच्या खडूच्या कितीतरी वर गेलेली तहसीन.
भाईंनी फोटो बोटांनी मोठा केला, लहान केला.
"वजन किती हिचं?" विचारलं.
तिकडून हसू. "नाना, वजन कोण करतं?"

आता भिंतीवर तीन आकडे सारखे.
तीन सहाशे दहा.
तीन सहाशे दहा.
तीन सहाशे दहा.
जायचं ते सगळं गेलं.
भाईंनी बोटाच्या पेरानं ठोकलं, कान लावला.
पहिल्या वर्षी ती ओल्या मडक्यासारखी बोलायची.
"वाजतंय," म्हणाले.

तासणी कोपऱ्यात होती, धार लावलेली.
घेतली नाही.
लाईट गेलेली, माग गप्प,
हवेत तंतू तसेच, खाली यायचं विसरलेले.
मला वाटलं आता ते तिला कापडात गुंडाळतील,
पुण्याला पाठवा म्हणतील, किंवा राहू दे म्हणतील.

"अंबादास," म्हणाले, "हात पसर."
मी धोटे घडवणारा माणूस, बावन्न वर्षांचा,
वीतभर लाकडापलीकडे आयुष्यात काही धरलं नाही.
"अरे, पसर. माप घ्यायचंय."

पसरले.
डावा मागाला लागला.
भाई म्हणाले, "थोडा इकडे सरक."