वारा ठरवतो

आईचा झेंडा लांबून त्यांचाच वाटायचा.
वर लाल, मधे पांढरा, खाली निळा.
हार्लिंगेनच्या आमच्या गल्लीत प्रत्येक दाराशेजारी
काठी बसवायला एक लोखंडी खोबणी होतीच,
घराबरोबर मिळालेली, टपालपेटीसारखी.
आईने ती दोन वर्षं रिकामी ठेवली.
मग असुन्सिओनहून मावशीचं पार्सल आलं:
तेरेरेचा पाला दोन किलो, तो प्यायची पितळी नळी,
आणि तळाशी, मोज्यांत गुंडाळून, हा.

चौदा मेला तिने तो बाहेर लावला
आणि टोमॅटोच्या काचघरात कामावर गेली.

संध्याकाळी शेजारचे वीब्रेन दारात.
चाळीस वर्षं कालव्याची दारं उघडली-मिटली त्या माणसाने,
वेळ चुकलेली गोष्ट त्याला खपत नसे.
म्हणाले, बाई, मुक्तिदिन पाच तारखेला झाला,
तुमचा झेंडा आत घ्यायचा राहिलाय, नऊ दिवस.
मी आठ वर्षांची. मीच भाषांतर केलं,
थोडं मऊ करून.

आईने हात पुसले, कापडाचं टोक धरून
त्यांच्या चष्म्यापुढे नेलं: तारा, भोवती दोन फांद्या.
मग उलटवलं: सिंह, मागे काठीवर लाल टोपी.
पॅराग्वेचा, ती म्हणाली, दोन्हीकडून वेगळा असतो.
वीब्रेन बराच वेळ बघत राहिले.
मग यातली सुलट बाजू कुठली?
आई म्हणाली, वारा ठरवतो.
हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं.

जाता जाता त्यांनी नियम सांगितला, कुठल्याही झेंड्याला लागू:
सूर्य बुडायच्या आत घरात.
मे महिन्यात तिथला सूर्य साडेनऊपर्यंत हलत नाही,
आणि आई पहाटे चारला उठणारी, आठला पेंगणारी.
तेव्हापासून दर चौदा मेला कुंपणापलीकडून एक शीळ.
आई अर्धवट झोपेत जिना उतरायची
आणि वाळत घातलेली चादर ओढावी
तसा तो ओढून घ्यायची.

स्वस्तातलं कापड. मागून ऊन आलं
की सिंहाच्या पोटात तारा दिसायचा.

शाळेची शेवटची परीक्षा मी पास झाले, तो जून.
तिथे अशा दिवशी झेंडा लावतात, काठीच्या टोकाला
पोराचं दप्तर अडकवतात;
सगळ्या गल्लीला कळतं, सुटलं एकदाचं.
आमच्याकडे झेंडा एकच.
वीब्रेन स्वतःचा घेऊन आले, उसना द्यायला,
चार घड्या, डांबरगोळ्यांचा वास.
तोवर आईने दप्तर चढवलं होतं,
आत माझा डबा, डब्यात परवाचं केळं.
काठी वाकलेली. ते मान वर करून उभे.
"दप्तराखाली तारा झाकलाय," म्हणाले,
"म्हणजे आज चालेल."
आणि आपला झेंडा काखेत मारून
कॉफीला आत आले.

ते गेले तेव्हा मी उट्रेख्तला, चौथ्या मजल्यावर,
जिथे गॅलरीत टॉवेल टांगायचीही मनाई.
आईचा फोन: अर्ध्यावर कसा उतरवायचा?
भिंतीतली तिरपी काठी, तिला अर्धं नसतंच.
मग तिने एक काळा मोजा उभा कापला
आणि त्याची पट्टी टोकाशी बांधली.
साडेनऊ झाले. दहा झाले.
ती पायरीवर बसून होती म्हणे, हातात तेरेरे,
त्यातला बर्फ विरघळलेला.
शीळ आली नाही,
तिने झेंडा आत घेतला नाही.

सकाळी पिळला तर पेलाभर पाणी निघालं, ती म्हणाली,
आणि लाल थोडा पांढऱ्यात उतरलाय.