कोरडे हात

डॉक्टर थुई शेवटचा टाका घालून मान वर करतात.
“रक्त?”
“थांबलंय.”
तरी पुन्हा कोमट सलाइन, पुन्हा पाहणं.
गर्भाशयाच्या पाठीवर लाल ठिपका उगवत नाही
तोवर पाकीट फोडायचं नाही.

फोडायचं काम माझं.
मी हातमोजे बदलते. चिमटा पुसते. परत पुसते.
नवा शिकाऊ मास्कच्या आत हसतो:
सिस्टर, एवढं काय पुसता?

त्याला काय सांगू.
त्रांग बांगला आमच्या अंगणात
ओल्या हातानं पापुद्र्याला शिवलं
की आई चुलीतलं लाकूड उगारायची.

उकळत्या हंड्यावर ताणलेलं फडकं,
त्यावर पळीभर तांदळाचं पीठ, गोल,
झाकण, दोन-तीन श्वास,
मग बांबूच्या पट्टीवर तोलून मांडवाच्या जाळीवर.
दिवसभर ऊन. भुईमुगाच्या टरफलांवर शेक.
आणि पहाटे तीनला उठून
सगळे पापुद्रे दवात मांडायचे, मऊ पडेस्तोवर.
दव कमी पडलं तर मोडतात.
जास्त झालं तर एकमेकांना धरतात,
आणि धरलेले पापुद्रे सोडवता येत नाहीत.
फाडता येतात.

टेबलावरच्या बाईचं नाव न्यान, वय चौतीस,
बिएन होआच्या कारखान्यात बुटांना तळ चिकटवते.
सहा वर्षांपूर्वी कुठंतरी गाठ काढलेली,
मोठ्या चिरेनं, घाईत.
आज आत गेलो तर आतडं गर्भाशयाला,
बीजकोश आतड्याला,
आणि सगळ्यांवर पांढुरकं जाळं.
डॉक्टर दीड तास बोलल्या नाहीत.
कात्रीचं टोक, थोडं पाणी, एक धागा.
कात्रीचं टोक, थोडं पाणी.
कोरडी पट्टी घासायची नाही, ओढायचं नाही,
उगाच जाळायचं नाही.
पोट ओलं ठेवायचं. हात कोरडे.

जखमेला माणसं ओळखता येत नाहीत.
शेजारी जे असेल त्याला ती मिठी मारते.
थोडे दिवस मध्ये काही धरलं
तर स्वतःवरच साय धरते, म्हणतात.

पापुद्रा तळहाताएवढा.
कागदासकट पुढं करते.
डॉक्टर श्वास रोखून खाली नेतात,
ओल लागते, बसतो.
चुकला असता तर उचलता आला नसता.
शिकाऊ आता हसत नाही.

आईचा एक बीजकोश तायनिनला काढला होता,
मी नऊ वर्षांची.
त्यानंतर मांडव उचलताना
ती डावीकडं झुकायची.
आम्हाला वाटलं, खोड.
धाकट्याला हसवायला
मी तिच्यासारखी चालून दाखवायचे,
कमरेवर हात, तोंड वाकडं.
तीही हसायची.
दुखणं तिनं पोटातच ठेवलं;
तिथं आधीच सगळं एकमेकांत अडकलेलं,
कुठं ठेवलं असेल.

तिसऱ्या दिवशी न्यान बाटलीचा स्टँड ढकलत
व्हरांड्यात निघते. चालायला सांगितलंय.
“आत काय चिकटवलंत?” मला विचारते.
चिकटू नये म्हणूनच काहीतरी लावलंय, मी म्हणते.
“असा गोंद आमच्याकडं सुपरवायझर चालू देणार नाही.”
हसते, आणि हसणं दुखतं म्हणून पोट धरते.
“राहणार किती दिवस तो?”
आठवड्याभरात विरघळेल.
“मग?”
मग तुझं तुला.
कमी होतं यानं. होणारच नाही
असं कोणी लिहून देत नाही.

ती मान हलवते,
खिडकीपर्यंत जाते, वळते, परत येते.
सरळ चालतेय.
मी नोंदवहीत वेळ लिहायचं सोडून
तिच्या डाव्या बाजूकडं बघत राहते.