फेब्रुवारीचा मेळ

गोदीजवळच्या ऑफिसात महिनाअखेरीला मी स्टॉकचा मेळ घालते:
बेअरिंग, ग्रीसचे डबे, दोरखंडाची भेंडोळी,
आलं किती, गेलं किती, खाली सही.
घरी येऊन तोच उद्योग स्वतःशी.
तीन वर्षं झाली. कुणी सांगितलेलं नाही.

डायरी औषध कंपनीची, गेल्या सालची, कोरी राहिलेली.
तिचे वार एकाने मागे चालतात.
छापलेल्या शुक्रवारी मी शनिवार लिहिते,
आणि रविवारच्या पानाला पत्ताच नाही
की त्याच्यावर सोमवार येऊन बसलाय
डब्यासकट, तुटक्या अंगठ्याच्या चपलेसकट.

वाचन. पुस्तकं दोन. खरं तर दीड.
पहिलं दीपगृहांच्या रखवालदारांवरचं,
नायगावच्या वाचनालयातलं, शेवटचा शिक्का एकोणनव्वदचा.
शेवडेबाईंनी फुंकर मारून दिलं,
म्हणाल्या, हे पळवलंत तरी चालेल.
त्यात एक रखवालदार आहे, वर्षातून एका रात्रीची रजा मागणारा:
होडीने लांब जाऊन
आपला दिवा दिसतो कसा, ते बघायला.
खरं-खोटं लेखकाला माहीत.
मी त्या पानावर बसचं तिकीट ठेवलं
आणि पुढे चार दिवस वाचलं नाही.

अर्धं ते हार्मोनियम दुरुस्तीचं.
रद्दीतून, किलोच्या भावात. माझ्याकडे पेटी नाही.
भाता फाटला तर काय, स्वर चिकटला तर काय,
आणि समासात कुणाचं तरी शिसपेन्सिलीतलं:
‘खोटं.’ ‘करून पाहिलं, जमलं.’ ‘सुलभाला विचार.’
‘स्वर आपोआप वाजत राहिला तर’ या प्रकरणापाशी
पानं फाटलेली.

संगीत.
चोर बाजार, चाळीस रुपयांत तीन कॅसेटी.
दोन मुक्या निघाल्या.
तिसरीवर निळ्या बॉलपेनने: मारवा. पुसू नये.
गाणारी कोण, लिहिलेलं नाही.
ती षड्जाच्या दारावरून जाते, बघते, आत शिरत नाही,
आणि नेमकी तिथेच कुकरची दुसरी शिट्टी,
मग पुरुषाचा आवाज, अगदी जवळून:
हेमू, कडी लाव गं.
गाणं थांबत नाही. हेमू काही बोलत नाही.
अकरा वेळा ऐकलं.
बाराव्यांदा उठून दार बघून आले.
कडी होतीच लावलेली.

शेजारचे लोबो अंकल, बँडातले, क्लॅरनेट आता फक्त पुसतात.
गॅलरीतून रोज विचारतात,
ती बाई घरी पोचली का?
मी म्हणते, नाही अजून, रस्त्यातच आहे.
बरं बरं, म्हणतात, घाई नाही.

लेखन. लाज वाटावी असं.
‘आज विशेष काही नाही’: नऊ वेळा.
पण नऊ अक्षरं नऊ तऱ्हांची. एकदा ‘विशेष’ खोडलेलं.
एकोणीस तारखेखाली एक फोन नंबर, नाव नाही,
शेवटचा आकडा खाऱ्या हवेने फुटलेला,
तीन असेल किंवा आठ.
लावला नाही. दोन्ही लावले नाहीत.

आणि आज एकोणतीस.
गेल्या सालच्या डायरीत आज नाही.
अठ्ठावीस उलटली की थेट मार्च.
पान नाही म्हणजे रजा, असं धरून
संध्याकाळी खोलीतला दिवा चालू ठेवला
आणि टेकडीवरच्या बागेत चढून गेले.
खाली बंदर, क्रेनचे लाल ठिपके,
अलीकडे ताडवाडीच्या खिडक्या, सगळ्या पिवळ्या.
मोजल्या. गॅलरीतली तुळस शोधली.
माझी कुठली, कळेना.
एकीत कुणीतरी उभं होतं, तेव्हा ती नसणार,
असं म्हणून ती वजा केली.
मग माळ्याने शिट्टी मारली, बाग बंद.

हे सगळं हार्मोनियमच्या पुस्तकात लिहितेय,
फाटक्या पानांच्या जागी, मागच्या पुठ्ठ्यावर.
फरक राहिलाय. ऑफिसात अशा वेळी
मी बाजूला ‘तपासणे’ लिहून ठेवते.